दहा नावं: रेफरन्स, ओळख आणि शब्द



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाचा विचार केला होता. म्हणजे आपण स्वतः पाहिलेलं नाही, तर्काने काढलेलं नाही, केवळ दुसऱ्याने सांगितलं म्हणून जे ज्ञान होतं, त्याचा. व्याख्यान संपल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि विक्रीच्या क्षेत्रात गेला. आज त्याच्याकडे तीन तालुके आहेत, त्यांच्या भाषेत 'टेरिटरी', आणि हाताखाली चाळीसेक विमा एजंट. तो म्हणाला, "सर, तुम्ही शब्दप्रमाण शिकवलंत, आम्ही त्यावरच पोट भरतो. फक्त आम्ही त्याला रेफरन्स म्हणतो." त्याने एक पुस्तक आमच्या हातात ठेवलं. त्यांच्या प्रशिक्षणवर्गात नव्या एजंटांना यातली सूत्रं सांगतात. म्हणाला, "वाचा आणि चूक कुठे आहे ते सांगा. माझी माणसं नावं आणतात, पॉलिसी होते, आणि दोन वर्षांत हप्ता थांबतो. असं फार होतं."

तेव्हा आज त्या पुस्तकाची चिकित्सा करायची आहे. विक्री शिकवायला आम्ही आलेलो नाही, त्यातलं आम्हाला काही कळत नाही. पण 'रेफरन्स' या एका शब्दात काय काय कोंबलेलं आहे, ते उलगडून बघता येईल.

पुस्तक आहे जो जिरार्ड यांचं 'हाउ टू सेल एनीथिंग टू एनीबडी'. १९७७ साली निघालं. जिरार्ड हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे. घरबांधणीच्या धंद्यात बुडाले, कर्जबाजारी झाले आणि १९६३ साली शेवरले मोटारींच्या एका दुकानात विक्रेता म्हणून लागले. १९७८ पर्यंत त्यांनी १३,००१ मोटारी विकल्या, त्यातल्या १,४२५ एकट्या १९७३ सालात. घाऊक नाही बरं का, एकेका माणसाला एकेक मोटार. गिनेस बुकात नाव गेलं. तेव्हा हा माणूस हवेत बोलत नाही, हे आधी मान्य करू.

पुस्तकातली दोन सूत्रं आपल्या विषयाची आहेत.

पहिलं अडीचशेचं सूत्र. जिरार्ड एका अंत्यविधीला गेले होते. तिथे मृताच्या नावाची छापील पत्रकं वाटत होते. त्यांनी व्यवस्थापकाला विचारलं, किती छापायची हे तुम्हाला कसं कळतं? उत्तर आलं, अनुभवाने; सरासरी अडीचशे माणसं येतात. पुढे दुसऱ्या पंथाच्या अंत्यविधी करणाऱ्याला विचारलं, तोही अडीचशेच म्हणाला. लग्नाच्या जेवणाचं कंत्राट घेणाऱ्याने सांगितलं, वधूकडची अडीचशे, वराकडची अडीचशे. त्यावरून जिरार्डनी ठरवलं की प्रत्येक माणसाच्या आयुष्यात लग्नाला आणि मयताला येण्याइतकी जवळची अडीचशे माणसं असतात.

दुसरं सूत्र 'बर्ड डॉग'चं. पक्षी कुठे दडलाय ते शिकाऱ्याला दाखवणारा कुत्रा म्हणजे बर्ड डॉग. जो कोणी गिऱ्हाईक पाठवेल आणि विक्री होईल, त्याला जिरार्ड पंचवीस डॉलर देत. न्हावी, बँकेतले कर्ज देणारे, आधीचे ग्राहक, कोणीही चाले. आणि पैसे ताबडतोब द्यायचे, टाळाटाळ करायची नाही, हे ते पुन्हा पुन्हा बजावतात. (उपमेबद्दल इथेच बोलून घेऊ. जुना ग्राहक कुत्रा आणि नवा ग्राहक पक्षी. लेखकाने हे प्रेमाने लिहिलंय, म्हणून आम्ही रागावत नाही. पण उपमा कधी कधी लेखकापेक्षा जास्त खरं बोलते.)

आता पुस्तकाच्या बाजूने. वर्गातून जे सांगितलं जातं आणि पुस्तकात जे आहे, त्यात फरक आहे. मूळ पुस्तकात अडीचशेचं सूत्र ही आधी एक धास्ती आहे. एका माणसाला दुखवलंत तर अडीचशे जणांपर्यंत ते जाईल, म्हणून समोरच्याशी नीट वागा, असा त्याचा रोख आहे. प्रशिक्षणवर्गात त्याचा गुणाकार होतो. एक ग्राहक म्हणजे अडीचशे, चाळीस ग्राहक म्हणजे दहा हजार. जिरार्ड सांभाळून राहायला सांगतात. वर्गातून बाहेर पडणारा मुलगा सुटत सुटतो.

आणि हा गुणाकार तालुक्याच्या गावात टिकत नाही. समजा एजंटाने चाळीस शिक्षकांना पॉलिसी दिल्या. त्यांचे अडीचशे कोण? तेच शिक्षक, तोच कापडदुकानदार, तेच डॉक्टर, तीच लग्नं. वर्तुळं एकमेकांवर पडलेली असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, ज्याने कळवलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारे निघाले सुमारे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. म्हणजे नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून, कारण जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं.

इथे एक भेद करावा लागेल. बातमी दूरच्या ओळखीतून छान जाते. हमी तशी जात नाही. बातमी सांगणाऱ्याला काही गमवायचं नसतं. हमी देणाऱ्याला असतं. आणि विमा एजंटाला नुसती बातमी पोचवून भागत नाही, त्याला हमी लागते. हाच आपल्या चर्चेचा सांधा आहे.

मराठीत या गोष्टींसाठी तीन वेगळे शब्दप्रयोग आहेत. एक, नाव देणं. दोन, ओळख करून देणं. तीन, शब्द टाकणं. नाव देणं ही माहिती: "अमुक माणूस आहे, तमुक गावात राहतो." ओळख करून देणं म्हणजे दोघांना समोरासमोर आणणं, पुढचं त्यांनी बघायचं. आणि शब्द टाकणं म्हणजे आपली पत दुसऱ्याच्या कामासाठी गहाण ठेवणं. आपल्या आजीला हा फरक पक्का माहीत होता. स्थळ सुचवताना ती म्हणायची, "नाव सांगते हो, पण शब्द माझा नाही." इंग्रजीतून आलेल्या 'रेफरन्स'ने तिन्ही गोष्टी एका पिशवीत भरल्या. मागताना नाव मागायचं, वापरताना शब्द म्हणून वापरायचं. आमच्या मते चूक नेमकी इथे आहे.

हे आम्हाला पुस्तक वाचून कळलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कळलं ते अनुभवाने, आणि उशिरा.

२००३ सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकवत होतो. एक तरुण एजंट घरी आला. कंपनी कोणती ते सांगण्याचं कारण नाही. मुलगा सालस, अभ्यास केलेला. आम्ही एक पॉलिसी घेतली. कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला, आणि त्याने वही काढली. "सर, दहा नावं द्या फक्त." आम्ही डायरी उघडली आणि दहा नावं लिहून दिली. पाच मिनिटांचं काम. कोणाला विचारलं नाही, कोणाला कळवलं नाही.

त्या दहांत सहकारी प्राध्यापक होते, एक चुलतभाऊ होता, शेजारी होते. आणि दहा भरेनात म्हणून शेवटचं नाव आम्ही आमच्या विभागाच्या शिपायाचं लिहिलं.

प्राध्यापकांनी एजंटाला दारातूनच वाटेला लावलं. चुलतभावाने आम्हालाच फोन करून झापलं. शिपायाने पॉलिसी घेतली. तिमाही हप्ता त्याच्या पगाराला जड होता. सहा हप्ते त्याने भरले. मग आईचं आजारपण निघालं आणि पॉलिसी बंद पडली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांचे हप्ते भरलेले नसतील तर अशा पॉलिसीतून काही परत मिळत नसे. पुढे ते नियम ग्राहकाच्या बाजूने बदलले, पण त्याच्या उपयोगाला आले नाहीत. दीड वर्षाचे पैसे गेले.

त्याने तक्रार केली नाही. एकदा चहा ठेवता ठेवता आम्ही सहज विचारलं म्हणून बोलला. "सर, त्यांनी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, सरांनी पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असणार."

बघा, एजंट खोटं बोलला नव्हता. "सरांनी तुमचं नाव दिलंय" हे अक्षरशः खरं होतं. ऐकणाऱ्याने ऐकलं ते "सरांनी घ्यायला सांगितलंय." एका वाक्याचा हा दोन टोकांना दोन अर्थ. आणि मधलं अंतर भरून काढलं ते आमच्या खुर्चीने. दहांपैकी ज्यांना नाही म्हणणं सोपं होतं, ते नाही म्हणाले. ज्याला अवघड होतं, तो हो म्हणाला. वर्तुळं एकमेकांवर पडून नवी नावं संपू लागली की यादी अशीच खाली सरकते, नाही म्हणू न शकणाऱ्या माणसाकडे. तो हो म्हणतो, आणि हप्ता पहिल्यांदा थांबतो तोही त्याचाच. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा, नाहीतर आम्ही वकिली केली असं होईल. त्याच यादीतल्या एका शेजाऱ्याने पॉलिसी घेतली आणि चौथ्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. पैसे वेळेवर मिळाले, मुलीचं शिक्षण झालं. त्याची पत्नी आजही भेटली की म्हणते, "भाऊजी, तुम्ही तेव्हा नाव दिलंत म्हणून." आणि आम्ही ते ऐकून घेतो. 'वहिनी, आम्ही काहीच केलं नव्हतं, पाच मिनिटांत डायरीतून उतरवलं होतं,' असं आम्ही एकदाही म्हणालो नाही. आता, न दिलेल्या शब्दाचं श्रेय जर घेतलं, तर न दिलेल्या शब्दाचा दोष कोणत्या तोंडाने नाकारायचा?

न्यायदर्शन इथे उपयोगी पडतं. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनांच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे. आणि ते म्हणतात, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू. जात नाही, पद नाही, खुर्ची नाही. दोनच अटी: जाणलेलं असणं आणि जसंच्या तसं सांगण्याची इच्छा.

या कसोटीवर आम्ही आप्त होतो का? नव्हतो. पॉलिसी आम्ही अर्ध्या तासापूर्वी घेतली होती. तिचं काय होतं हे आम्हाला माहीत असणं शक्यच नव्हतं. पहिली अटच फसली. नाव मागण्याची वेळ वर्गात शिकवतात ती सहीच्या लगेच नंतरची, कारण तेव्हा ग्राहक खुशीत असतो. पण नेमकं तेव्हाच त्याला सांगण्यासारखं सर्वांत कमी ठाऊक असतं.

दुसऱ्या अटीला धक्का लागतो तो पंचवीस डॉलरांचा. पैसे घेऊन सांगितलेलं खोटंच असतं असं नाही. न्हाव्याने पंचवीस डॉलरसाठी चांगल्या दुकानाचं नाव सांगितलं असेल. पण ऐकणाऱ्याला ते पैसे ठाऊक नसतील, तर तो एका आप्ताचं ऐकतोय असं समजून एका दलालाचं ऐकतो. वैद्यकीय व्यवसायात आपण यालाच 'कट' म्हणतो. रुग्ण दुसरीकडे पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत बंदी आहे, आणि तरी ही प्रथा ऐकून ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. विम्यातही १९३८ च्या कायद्याचं कलम ४० आहेच: विमा एजंट आणि अधिकृत मध्यस्थ सोडून इतर कोणाला धंदा आणून दिल्याबद्दल मोबदला देता येत नाही. म्हणजे जिरार्ड यांचा बर्ड डॉग भारतात विमा विकताना पाळता येत नाही. वर्गात हे पान वगळलेलं असतं. मग पैशाच्या जागी काय येतं? जानेवारीत डायरी आणि कॅलेंडर, आणि बाकी सगळा भार नात्यावर.

आता मुख्य मुद्दा. जिरार्ड यांचं पुस्तक फसवं नाही. ते मोटारींबद्दल आहे. मोटार दिसते, चालवून बघता येते, बिघडली तर महिन्याभरात कळतं. तिथे शब्द फक्त दुकानाच्या दारापर्यंत नेतो, पुढे प्रत्यक्ष प्रमाण आहे. आपल्याकडे बियाण्यांच्या कंपन्या पीक प्रात्यक्षिक ठेवतात. ज्या शेतकऱ्याने वाण लावलं त्याच्याच शेतावर आजूबाजूच्या लोकांना बोलावतात. तो शेतकरी "चांगलं आहे" म्हणाला तरी लोक बोंडं हातात घेऊन मोजतात, मुळं उपटून बघतात. रेफरन्सच आहे तो, पण त्याच्या शब्दाशेजारी पीक उभं आहे.

पॉलिसीशेजारी काय उभं असतं? एक कागद, ज्याचं फळ वीस वर्षांनी, किंवा माणूस गेल्यावर. म्हणून सूत्रासारखं नाही, पण निरीक्षण म्हणून सांगतो: माल जितका न दिसणारा, तितका शब्दावरचा भार मोठा. मोटारीसाठी जी पद्धत निरुपद्रवी आहे, तीच विम्याला, गुंतवणुकीला, उपचाराला, क्लासच्या फीला लावली की शब्द देणारा नकळत जामीन होतो. पुस्तकाच्या नावातच दावा आहे, काहीही कोणालाही विकता येईल. ते 'काहीही' पटलं म्हणून वर्गवाल्यांनी मोटारीचं पुस्तक पॉलिसीला लावलं.

आणि ते 'कोणालाही'? जिरार्ड फार प्रांजळपणे लिहितात, की पहिली मोटार विकली त्या दिवशी घरात खायला नव्हतं, आणि समोरच्या ग्राहकात त्यांना घरी न्यायची किराणा मालाची पिशवी दिसत होती. भुकेला हे दिसणारच, त्याबद्दल आम्ही काय बोलणार? कांटने तरी कुठे म्हटलंय की दुसऱ्याचा साधन म्हणून उपयोगच करू नका? तो म्हणतो, केवळ साधन म्हणून करू नका. आमची तक्रार आहे ती पिशवी पद्धत झाली त्याबद्दल. आमच्या घरी आलेल्या मुलाचंच बघा. त्या काळी पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन ३५ टक्क्यांपर्यंत मिळू शके, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. म्हणजे जुन्या शिपायाचा हप्ता चालू राहतो की नाही हे बघण्यापेक्षा नवं नाव शोधणं त्याला कितीतरी फायद्याचं. मुलगा वाईट नव्हता, गणित तसं होतं. हे उत्तराचं उरलेलं निम्मं.

आमचा विद्यार्थी म्हणेल, "सर, मग आम्ही दारोदार अनोळखी घंटा वाजवत फिरायचं का?" नाही. ओळखीतून जाणं हे दोघांच्याही दृष्टीने सभ्यपणाचं आहे. ॲरिस्टॉटलनेही उपयोगापुरत्या मैत्रीला मैत्रीच म्हटलं. एवढंच बजावलं की तक्रारी बहुतेक याच मैत्रीत उद्भवतात. तेव्हा तक्रारीची सोय आधी करून ठेवावी.

कशी? सहीच्या दिवशी नावं मागू नका. दोन वर्षांनी मागा, तोवर ग्राहकाने काहीतरी जाणलेलं असेल. दहा मागू नका, दोन मागा; दहा मागितली की माणूस आकडा भरायला नाही न म्हणू शकणाऱ्याचं नाव लिहितो. ज्याचं नाव दिलं त्याला आधी ग्राहकानेच विचारावं, आणि तो नको म्हणाला तर विषय संपावा. एजंटाने "सरांनी पाठवलंय" असं न म्हणता "सरांनी नाव दिलं, पॉलिसीबद्दल त्यांनी काही सांगितलेलं नाही" असं म्हणावं. विक्री कमी होईल. झाली तर जी कमी झाली, ती कोणाच्या जिवावर होत होती तेही कळेल. आणि शेवटचं: नव्या माणसाचा हप्ता थांबला तर एजंटाने पहिला फोन नाव देणाऱ्याला करावा. आम्हाला तसा फोन आला असता, तर उरलेले सहा हप्ते भरणं आम्हाला अशक्य नव्हतं.

हे आमच्या बाजूलाही लागू आहे, आपण जे नावं देतो त्यांना. विद्यार्थ्याने विचारलं होतं चूक कुठे आहे. पुस्तकात थोडी, वर्गात बरीच. पण डायरी आम्ही उघडली होती. कोणी वही पुढे केली तर एवढं विचारावं: तुला नाव हवंय, ओळख हवीये, की माझा शब्द? आणि जे द्यायचं तेवढंच द्यावं, तोंडाने स्पष्ट सांगून.

तो शिपाई सहा वर्षांपूर्वी गेला. निवृत्तीनंतरही दिवाळीला घरी येत असे. त्या पैशांबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आधी लाज वाटत होती म्हणून, मग फार दिवस झाले म्हणून. त्याच्या मुलाला अलीकडे हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांनी घरी सांगितलंच नव्हतं, सर."

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यांनीच करू.